पंचगिरी करताना बूट कोणते घालता आणि पॉलिश कसं करता?

नवी_शिट्टी
नमस्कार मंडळी. बास्केटबॉलच्या पंचपरीक्षेत पास होऊन सहा महिने झाले, आतापर्यंत लहान गटाच्याच मॅचेस केल्यात. परवा मॅच संपल्यावर निरीक्षक काकांनी बाजूला बोलावलं. मला वाटलं तिसऱ्या क्वार्टरमधल्या त्या ब्लॉक-चार्जवर (धडकेत चूक बचाव करणाऱ्याची की चढाई करणाऱ्याची, त्या निर्णयावर) बोलतील. ते म्हणाले, "निर्णय ठीक होते. बूट बघ जरा तुझे."

खाली बघितलं. काळे रनिंगचे बूट, सोल पांढरा, कडेने हिरवी पट्टी, करंगळीपाशी जाळी विरलेली आणि उजव्या पायावर कुणाच्या तरी बुटाचा राखाडी ठसा. मला ते आत्तापर्यंत दिसलंच नव्हतं याचंच जास्त वाईट वाटलं.

तीन आठवड्यांनी पहिली मोठी स्पर्धा आहे, दिवसाला तीन तीन मॅचेस. तर प्रश्न असे की पेटंट लेदरचे चकचकीत घ्यावेत की साधे काळे स्पोर्ट्स शूज? आणि पॉलिश नेमकं कसं करतात? शाळेच्या बुटांना ते स्पंजवालं लिक्विड लावायचे, त्यापलीकडे मला काही माहीत नाही.

रेषेवरचा
अभिनंदन ताई! मी फुटबॉलवाला आहे, बास्केटबॉलचे जाणकार येतीलच. फक्त एक सांगतो, रनिंगचे बूट पंचाला चालत नाहीत, भले रंग काळा असो. ते सरळ पुढे पळायला बनवलेले असतात. आपण निम्मा वेळ आडवे सरकतो, उलटे पळतो, एकदम थांबतो. जाड मऊ सोलवर आडवं थांबलं की घोटा मुरगळतो. मी स्वतः मुरगळून घेतलाय आणि चार आठवडे घरी बसलोय.

तिसरा_डोळा
फिबाच्या (बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात पंचांचा पोशाख स्पष्ट दिलाय, काळी लांब पॅन्ट, काळे मोजे आणि काळे बास्केटबॉल शूज. बास्केटबॉल शूज हा शब्द नीट वाचा. पांढरा सोल, हिरवी पट्टी वगैरे बघून निरीक्षक बोलले ते बरोबरच. पूर्ण काळे घ्या, सोल आणि लेससकट.

स्पष्ट_बोलतो
मला हा सगळा प्रकार पटत नाही. शिट्टी योग्य वेळी वाजली का, जागा बरोबर होती का, बास. बुटांची चमक बघून गुण देणारे निरीक्षक बघितले की राग येतो. आरशासारखे बूट घालून चुकीच्या कोनातून फाउल देणारे कमी पाहिले नाहीत मी. फुटबॉलच्या पाचव्या नियमात रेफ्रीचं आवश्यक सामान दिलंय, शिट्टी, घड्याळ, लाल-पिवळी कार्डं आणि वही. त्यात बूटसुद्धा नाहीत, पॉलिश तर लांबच राहिलं.

स्कोअरटेबल
मग अनवाणी उतरायचं का दादा? खेळाडूंच्या बुटांचे स्टड (तळाचे खुंट) पायावर पडले की शिट्टी आपोआप वाजेल.

स्पष्ट_बोलतो
@स्कोअरटेबल हाहा, तसं नाही. बूट असावेत, चांगले असावेत. चमकावेत हा आग्रह नको एवढंच म्हणणं आहे.

खुर्चीवरून
मी व्हॉलीबॉल करते. @स्पष्ट_बोलतो, आमच्याकडे एक गंमत आहे. पहिला पंच जाळीच्या टोकाला उंच स्टँडवर उभा असतो आणि त्याची नजर जाळीच्या वर साधारण ५० सेंमी असावी असा नियम. पुरुषांची जाळी २.४३ मीटरवर. म्हणजे नजर तीन मीटरच्या जरा खाली, आणि माझी उंची वजा केली तर माझे पाय जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास येतात. जाळीपाशी उभ्या असलेल्या खेळाडूच्या बरोबर छातीसमोर. कॅप्टन काही विचारायला आला की तो बोलतो माझ्याशी पण त्याच्या छातीपुढे माझे बूट असतात. त्यामुळे आमच्यात तरी हा प्रश्न वादाचा नाही, मी मॅचआधी दर वेळी पुसते.

आणि आम्हाला पांढरे बूट घालावे लागतात, त्यामुळे काळेवाल्यांनी उगाच तक्रारी करू नयेत!

माजी_परेड
वरचे सगळे प्रतिसाद वाचले. माझी अर्धी नोकरी बूट चमकवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर १२ वर्षं पंचगिरी करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

@स्पष्ट_बोलतो यांचं अर्धं बरोबर आहे. चमक निर्णय सुधारत नाही. पण आपण मैदानात शिरतो तेव्हा अजून एकही निर्णय दिलेला नसतो. दोन्ही प्रशिक्षक आपल्याकडे बघत असतात, त्यांच्यापुढे बघायला फक्त आपली चाल आणि कपडे असतात. चुरगळलेला शर्ट आणि मळके बूट दिसले की पहिल्याच संशयास्पद फाउलला ते उठून उभे राहतात. नीटनेटका माणूस दिसला की बहुतेक वेळा एखादं मिनिट थांबतात. मला ते एक मिनिट हवं असतं.

पण मी पॉलिश करतो त्याचं खरं कारण वेगळं आहे. स्पर्धेच्या आदल्या रात्री एकदा बूट हातात घेऊन ब्रश फिरवत होतो. डाव्या बुटाला चवड्यापाशी, जिथे बूट वाकतो तिथे, अंगठा आत गेला. सोल उकललेला, बोटभर फट. वरून काही दिसत नव्हतं, पायात घातल्यावर तर मुळीच कळलं नसतं. त्या रात्री मी जुने बूट काढले आणि दुसऱ्या दिवशी तेच घालून पाच तास उभा राहिलो. पॉलिश केलं नसतं तर दुसऱ्या क्वार्टरला सोल लटकला असता. दहा मिनिटं बूट हातात घेऊन फिरवता तेव्हा टाके, सोल, लेसचं टोक, आतलं अस्तर सगळं आपोआप बघितलं जातं.

नवी_शिट्टी
@माजी_परेड काका, हे वाचून लगेच जाऊन माझे बूट बघितले. उजव्याच्या टाचेच्या आतलं अस्तर फाटून स्पंज बाहेर आलाय. म्हणूनच तिथे फोड येत होता बहुतेक.

पाय_बघते
@नवी_शिट्टी हो, तेच कारण. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पंचांचे पाय बरेच बघते. बूट घेताना एवढं लक्षात ठेवा, संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि तीन मॅचनंतर तुमचा पाय त्याच मापाचा होणार आहे. मॅचला घालता तेच मोजे बरोबर न्या. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी (सगळ्यांचं लांब बोट अंगठाच असतं असं नाही, दुसरं बोट लांब असेल तर त्याच्यापुढे). आणि दुकानात चालून बघू नका, उलटं पळून बघा आणि एकदम थांबा. पाय पुढे सरकून बोटं आपटली तर तो बूट नको. पंचांची नखं काळी पडतात ती यामुळेच.

रुंदीकडेही बघा. लांबी बरोबर पण चवडा दाबला जातोय म्हणून लोक एक नंबर मोठा घेतात आणि मग टाच सुटते. त्यापेक्षा रुंद मापाचा मागा.

टाके_आणि_टाच
बूट दुरुस्ती हाच माझा धंदा आहे त्यामुळे पॉलिशच्या प्रश्नाला मीच उत्तर देतो, कारण चुकीचं पॉलिश करून खराब केलेले बूट माझ्याकडे रोज येतात.

सगळ्यात आधी आपला बूट कशाचा आहे ते ओळखा. जिभेच्या कडेला, जिथे दिसत नाही तिथे, पाण्याचा एक थेंब ठेवा. हळूहळू जिरून तिथे गडद डाग पडला तर उघडं चामडं, त्याला पॉलिश लागतं. थेंब तसाच गोल राहिला तर बहुधा वर प्लास्टिकचा थर आहे किंवा सगळंच सिंथेटिक आहे. त्यावर मेणाचं पॉलिश घासून काही उपयोग नाही, ते आत शिरत नाही, वर बसून राहतं, धूळ धरतं आणि हाताला पॅन्टला लागतं. अशा बुटाला ओलं फडकं, मग कोरडं फडकं, एवढंच.

खरं चामडं असेल तर लेस काढा. काढाच, लेसवर पॉलिश लागलं की ते घामाने मोज्यावर उतरतं. कोरड्या ब्रशने आधी सोल आणि वरच्या भागाच्या सांध्यातली माती काढा, कारण माती तशीच ठेवून पॉलिश घासलं तर ती सँडपेपरसारखी काम करते. मग ओलसर फडकं, पूर्ण वाळू द्या. मग क्रीम पॉलिश, नखावर मावेल एवढंच, फडक्याने गोल गोल. लोक इथेच चुकतात, डबीभर थापतात. १०-१५ मिनिटं थांबा, मग घोड्याच्या केसांच्या ब्रशने हलक्या हाताने जोरात, म्हणजे वेग जास्त, दाब कमी. रोजच्यासाठी इतकं पुरे.

आरशासारखं हवं असेल तर मेणाचं पॉलिश, पण फक्त पुढच्या टोकाला आणि टाचेला. वाकतो तिथे कधीच नाही, मेणाचा थर कडक असतो, पहिल्याच पळण्यात तडकतो आणि पांढऱ्या भेगा दिसतात. बोटाला सुती कापड ताणून गुंडाळायचं, मेणाचा पातळ हात, मग पाण्याचा एक थेंब आणि दाब न देता फिरवत राहायचं. पाण्यामुळे कापड मेणाला चिकटत नाही, थर सपाट बसतो. पुन्हा मेण, पुन्हा थेंब. सात-आठ पातळ थर.

ते स्पंजवालं लिक्विड घाईत ठीक आहे पण रोज लावू नका. ते चामड्याला काही देत नाही, वर पापुद्रा तयार करतं, आणि पापुद्र्यावर पापुद्रा चढला की एक दिवस वाकतो तिथून खपल्या निघतात.

माजी_परेड
@टाके_आणि_टाच शंभर टक्के. फक्त भर घालतो, आम्ही पाणी गार वापरायचो. बोटाखाली कापड गुळगुळीत सरकायला लागलं की समजायचं थर बसला. आधी जरा अडकतं, मग एकदम सुटतं. ती सुटण्याची जाणीव एकदा बोटाला कळली की विसरत नाही.

नवी_शिट्टी
@टाके_आणि_टाच दादा हे मी कागदावर उतरवून घेतलं. आणि पेटंट लेदर?

टाके_आणि_टाच
पेटंटवर आधीच चकचकीत थर दिलेला असतो, म्हणून त्याला पॉलिश लावायचंच नाही. मऊ ओलं फडकं पुरतं. ठसे राहिले तर फडक्यावर पेट्रोलियम जेलीचा एक ठिपका, घासून पूर्ण पुसून टाका. सोय मोठी आहे, दोन मिनिटांत तयार. पण ओरखडा पडला की पडला, भरता येत नाही. थंडीत थर कडक होतो आणि घडीवर चीर जाते. आणि पिशवीत दुसऱ्या रंगीत वस्तूला चिकटवून ठेवू नका, पेटंट रंग ओढून घेतं आणि तो निघत नाही. कापडी पिशवीत वेगळे ठेवा, दोन्ही बूटसुद्धा एकमेकांपासून वेगळे.

खुर्चीवरून
पांढऱ्या बुटांचंही कुणीतरी सांगा की! धुवून उन्हात ठेवले की पिवळे डाग पडतात माझे.

टाके_आणि_टाच
@खुर्चीवरून साबण पूर्ण निघालेला नसतो, तो वाळताना पृष्ठभागावर येतो आणि उन्हात पिवळा दिसतो. दोनतीनदा साध्या पाण्याने धुवा, मग बाहेरून पांढरा टिश्यू पेपर लपेटून सावलीत वाळवा. जो काही पिवळेपणा वर येईल तो कागदावर उतरेल. आणि तो पांढरा जादूचा स्पंज सोलच्या रबरालाच वापरा, वरच्या भागाला नको, तो बारीक कानशीसारखा घासतो, चमक जाते.

पांढरी_टोपी
क्रिकेट अंपायरची बाजू मांडतो. आम्ही पळत नाही पण उभे राहतो, कसोटीच्या दिवसात ९० षटकं, सकाळी दवाने ओलं गवत, दुपारी तापलेली जमीन. मला चमकीपेक्षा टाचेखालची गादी महत्त्वाची. दुसरं म्हणजे सोल. खेळपट्टीवरच्या संरक्षित भागात, क्रीजपुढे ५ फुटांपासून आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १-१ फूट, गोलंदाज धावला तर आपणच त्याला ताकीद देतो. मग आपणच टोकदार खिळे रुतवत तिथे फिरायचं हे बरं दिसत नाही. मी रबरी बारीक पुटकुळ्यांचा सोल वापरतो.

दवात भिजलेले बूट मात्र फार जणांचे फुकट जाताना बघितलेत. हीटरपुढे ठेवतात, चामडं आकसून लाकूड होतं.

पाय_बघते
+१. आत वर्तमानपत्राचे बोळे, दर दोन तासांनी बदलायचे, आतलं पॅड काढून वेगळं वाळवायचं. आणि शक्य असेल तर दोन जोड ठेवा. घामाने ओला झालेला बूट एका रात्रीत आतून वाळत नाही.

रेषेवरचा
फुटबॉलसाठी माझा अनुभव लिहायचा राहिला. मुख्य रेफ्री एका मॅचमध्ये साधारण १० ते १२ किमी धावतो, त्यामुळे मी मैदान बघून बूट ठरवतो. ओलं मऊ गवत असेल तर लांब स्टड, कडक गवताला छोटे साचेबद्ध स्टड, कृत्रिम गवतावर बारीक खुंटांचे. कृत्रिम गवतावर लांब स्टड घालून उतरलेला एक सहकारी आठवतो, वळताना पाय जमिनीतच अडकून राहिला, गुडघा फिरला. तेव्हापासून गाडीत दोन जोड असतात. रंग काळा, पॉलिश फक्त क्रीमचं, कारण चिखलात मेण टिकत नाही. हाफटाइमला ओल्या फडक्याने पुसतो, दुसऱ्या हाफला पुन्हा स्वच्छ दिसतो.

लाल_माती
टेनिसची खुर्ची सांभाळतो. क्लेवर (मातीच्या कोर्टवर) चेंडूचा ठसा बघायला खाली उतरावं लागतं, तेव्हा सगळ्यात मोठी भीती आपलाच पाय ठशावर पडायची. सोल सपाट आणि बारीक नक्षीचा हवा. आणि क्ले लागलेले बूट ओल्या फडक्याने कधीच पुसू नका!! लाल चिखल होऊन टाक्यांत शिरतो. आधी पूर्ण वाळू द्या, कोरडा ब्रश, मग बाकीचं.

स्कोअरटेबल
बेसबॉलमध्ये होम प्लेटमागच्या, म्हणजे बॅटरच्या मागे उभ्या असलेल्या, अंपायरच्या बुटाला पुढे कडक टोपण आणि लेसवर संरक्षक पट्टी असते ना? पॉलिश करायला आणखी एक मजला.

तिसरा_डोळा
असते. चेंडू थेट पायावर येतो, गंमत नाही ती. ताई, मूळ प्रश्नाकडे येतो. मी बास्केटबॉल १५ वर्षं करतोय, पेटंट आणि साधे दोन्ही वापरले. दिवसाला तीन मॅच असतील तर पेटंट नको असं माझं मत. ते कमी श्वास घेतात, तिसऱ्या मॅचला पाय उकडतात. काळ्या चामड्याचे किंवा चामड्यासारखे दिसणारे बास्केटबॉल शूज घ्या, जाळीचे नकोत, जाळी कधी स्वच्छ दिसत नाही. सोल डाग न पाडणारा आहे ना ते विचारा. काळा सोल असला म्हणजे डाग पडतोच असं नाही, पण काही पडतात आणि मग हॉलवाले ओरडतात.

अजून एक. कोर्टवरची धूळ सोलला चिकटली की घसरायला होतं. खेळाडू हाताने सोल पुसतात तसं आपण टाइमआउटला ओल्या रुमालावर पाय घासावेत. आणि पॉलिशचा हात सोलच्या कडेखाली जाऊ देऊ नका, मेण लागलेला सोल लाकडी कोर्टवर बर्फासारखा घसरतो.

स्पष्ट_बोलतो
सोलबद्दल एकदम मान्य. एक भर घालतो. माझ्या एका सहकाऱ्याने चांगले बूट मोठ्या मॅचसाठी म्हणून डब्यात जपून ठेवले. दोनेक वर्षांनी घातले, हाफटाइमपर्यंत सोलचा ढेकळासारखा भुगा झाला. मैदानभर काळे तुकडे.

टाके_आणि_टाच
पॉलियुरेथेनचा सोल. हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, न वापरता बंद डब्यात ठेवला की जास्तच. जपून ठेवण्यापेक्षा आलटून पालटून घाला. काढून ठेवलेला जोड मॅचआधी दोन्ही हातांनी वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर घालू नका.

स्पष्ट_बोलतो
म्हणजे मॅचआधी बूट हातात घेऊन बघायचेच. @माजी_परेड काका, तुमचा तो मुद्दा मी मान्य करतो. चमकीवर अजून विचार करतोय.

माजी_परेड
करा करा, घाई नाही. ब्रश माझ्याकडे जास्तीचा आहे.

नवी_शिट्टी
स्पर्धा झाली मंडळी! उशिरा लिहितेय, थकले होते.

पूर्ण काळे बास्केटबॉल शूज घेतले, संध्याकाळी, दुकानात उलटं पळून (दुकानदार आधी दचकले, मग त्यांनी स्टूल बाजूला सरकवलं). थेंब जिरला नाही, म्हणजे वर थर आहे, त्यामुळे पॉलिश नाही, फक्त फडकं. पण जुन्या ऑफिसच्या बुटांवर मेणाचा सराव केला. पहिल्या दिवशी नुसतं ढगाळ झालं. तिसऱ्या दिवशी, सहाव्या थराला, कापड अडकायचं थांबलं आणि टोकावर खोलीतला दिवा दिसला. काका, तुम्ही म्हणालात ते सुटणं बरोबर तसंच कळलं. मी आईला हाक मारून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मॅचला कोर्ट फार धुळकट होतं, ओला रुमाल कामी आला. तेच निरीक्षक होते. मॅचनंतर वीस मिनिटं बोलले, सगळं ट्रेलच्या (खेळाच्या मागे राहणाऱ्या पंचाच्या) जागेबद्दल, मी उशिरा वर येते आणि कमकुवत (चेंडू नसलेल्या) बाजूचा कोन जातो वगैरे. बुटांचा विषयच नाही.

एक अडचण उरलीय. बूट लांबीला बरोबर आहे, पण उलटं पळताना डावी टाच किंचित वर उचलली जाते. उजवी नाही. पॅड घालू का आत?

पाय_बघते
पॅड नको, पाय वर येऊन टाच आणखी सुटेल. दोन्ही पाय सारखे नसतात, डावा जरा बारीक असेल. सगळ्यात वरचं भोक बहुतेक रिकामं सोडलं असणार. लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकातून आत घाला म्हणजे दोन्हीकडे छोटे फासे तयार होतील, मग उजवं टोक डाव्या फाशातून आणि डावं उजव्या फाशातून ओढून खालच्या दिशेला घट्ट करा आणि मग गाठ. फक्त डाव्याला करा. चवड्यावरची लेस सैलच राहू दे. करून बघून इथे सांगा.

नवी_शिट्टी
आत्ताच केलं. हॉलमध्ये उलटं चार वेळा पळाले, टाच हलली नाही. थँक्यू ताई! आता लेस लांबीला कमी पडतेय, गाठ दुहेरी बसत नाही.

टाके_आणि_टाच
जुन्या लेसपेक्षा २०-२५ सेंमी लांब मागा, काळी, चपटी. गोल लेस सुटते.